अडचण आजची आजच कळव

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चाकणच्या बैठकीत जपानी मंडळी दोन तास मान डोलावत राहिली, जाताना वाकून आभार मानले आणि तीन आठवडे झाले तरी ऑर्डर नाही. ‘यांच्या मनात काय आहे तेच कळत नाही’ असं तू लिहितोस. त्यांच्या मनाचं राहू दे. मला खटकली ती दुसरीच ओळ. त्यांनी गाडीतल्या पोलादी क्लिपचं सॅम्पल सहा आठवड्यांत मागितलं, ती काढायच्या डायला, म्हणजे साच्याला, आठ आठवडे लागतात हे तुला तिथेच ठाऊक होतं, तरी तू ‘करू’ म्हणून मोकळा झालास. अजूनही त्यांना कळवलेलं नाहीस. अरे, अडचण ज्या दिवशी कळली त्याच दिवशी, लेखी कळवायची. मला सांगायचंय ते एवढंच, पण ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आपल्याकडे ‘करू’ म्हणणं म्हणजे समोरच्याचा मान राखणं. आठवडाभर इकडेतिकडे होणार हे दोघांनीही धरलेलं असतं. तिकडे तुझी तारीख त्याच संध्याकाळी वेळापत्रकात चढते, तिच्यावर असेंब्ली लाइनची चाचणी ठरते, दुसऱ्या पुरवठादारांचे सुटे भाग त्या दिवशी तिथे हजर असतात. आठ आठवडे लागतील असं आधी कळलं असतं तर त्यांनी चाचणी पुढे ढकलली असती. सहाव्या आठवड्यात कळलं तर ढकलायला काही उरत नाही.

कळवताना माफीचे परिच्छेद नकोत. काम कुठे अडतंय, किती दिवस लागतील, पर्याय काय आणि त्यांनी काय ठरवायचं, एवढ्या चार गोष्टी. तुझ्या बाबतीत असं लिहिता येईल: जुळणी तपासायला 20 नग वायरकटवर (तारेनं धातू कापणाऱ्या मशीनवर) कापून चार आठवड्यांत देतो, पीपॅपचे, म्हणजे उत्पादनाआधी ग्राहकाच्या मंजुरीसाठी द्यायचे, नग डाय झाल्यावर, आठव्या आठवड्यानंतर. हा फरक स्पष्ट लिही, कारण ग्राहकानं वेगळा आकडा दिला नसेल तर पीपॅपला सलग किमान 300 नग लागतात आणि ते उत्पादनाच्या डायवरूनच काढलेले हवेत. मेल दुपारी दीडच्या आत जाऊ दे. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे, आपल्या दीडला तिथे पाच वाजतात.

आता ऑर्डरचं. निर्णय त्या खोलीत होणारच नव्हता. डिझाइन, गुणवत्ता, खरेदी, लॉजिस्टिक्स अशा प्रत्येकाशी आधी स्वतंत्र बोलणं होतं, मग प्रस्तावाचा कागद फिरतो आणि एकेकाचा शिक्का पडतो. मान डोलावणं म्हणजे ‘ऐकतोय’. तेव्हा ‘काही अपडेट?’ असं विचारत बसू नकोस. कोणत्या विभागाला कोणती माहिती कमी पडतेय ते विचार आणि तेवढी पाठव.

दर सांगितल्यावर ते गप्प बसले, म्हणून तू आपणहून 3 टक्के सोडलेस. का? कोणी मागितले होते? ते आकडेमोड करत होते. पुढच्या वेळी पाण्याचा घोट घे आणि थांब. घासाघिशीसाठी कोटेशनमध्ये जागा ठेवण्याची सवयही सोड. ते कच्च्या मालाचं वजन, स्क्रॅप, सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ), मशीनचा तासाचा दर असं सगळं वेगळं मागतात. मशीनवर 22 सेकंद लागत असताना तू 30 लिहिलेस, तर शॉपफ्लोअरवर स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलेला माणूस ते दहा मिनिटांत पकडेल. मग खरे आकडेही खोटे वाटू लागतात.

सर्वांत महाग पडतो तो न कळवलेला बदल. समज, नगांवर झिंकचा थर चढवणारा भोसरीतला प्लेटिंगवाला बदललास. नव्याचा दर कमी, थराची जाडी 8 मायक्रॉन, ड्रॉइंगमध्ये बसते, रिपोर्ट ओके. पण झिंक प्लेटिंग करताना कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. हा हायड्रोजन काढायला प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत नग ओव्हनमध्ये घालून 190 ते 220 अंश सेल्सिअसला कित्येक तास बेक करावे लागतात. नव्या माणसानं वीज वाचवायला ते टाळलं, तर मायक्रॉन मोजणाऱ्या गेजवर काहीच दिसत नाही आणि क्लिप गाडीत बसल्यावर ताणाखाली तुटते. म्हणून माणूस, मशीन, माल, पद्धत यांपैकी काहीही बदलायचं तर आधी लेखी कळव, मंजुरी घे, मगच लॉट काढ.

जर्मन ग्राहक वेगळा. तो ड्रॉइंगवरून तोंडावर कडक बोलतो. ते ड्रॉइंगबद्दल असतं, तू दुखावून गप्प बसू नकोस. जर्मन कायद्याखालच्या व्यवहारात एक धोका आहे: बोलणी झाल्यावर व्यापाऱ्यानं ठरलेलं लिहून पाठवलं आणि तू वेळीच हरकत घेतली नाहीस, तर ती संमती धरली जाऊ शकते. बैठकीचा वृत्तांत आला की त्याच दिवशी वाच, चुकलेली ओळ त्याच दिवशी कळव.

मोठ्यांनाही हे चुकत नाही. 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि सुझुकीनं हात मिळवले, फोक्सवॅगननं 19.9 टक्के शेअर घेतले. सुझुकी स्वतःला बरोबरीची स्वतंत्र भागीदार समजत होती. फोक्सवॅगनच्या अहवालात मात्र सुझुकीच्या धोरणावर आपला प्रभाव पडू शकतो असं छापून आलं. शेवटी लंडनमध्ये लवाद बसला आणि 2015 मध्ये ते शेअर सुझुकीकडे परत गेले. बरोबरी म्हणजे नेमकं काय, हे पहिल्या दिवशी कागदावर भांडून घ्यायला हवं होतं.

माझ्यामागे लोक मला नकारघंटा म्हणतात. म्हणू देत. ‘आत्ता सांगितलं तर ऑर्डर जाईल’ हे वाक्य ऐकलं की माझा तोल जातो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. आज सांगून जी ऑर्डर जाते, ती सहाव्या आठवड्यात आपलं नावही सोबत घेऊन गेली असती. तू हुशार आहेस, हात स्वच्छ आहेत तुझे. म्हणूनच एवढं रागावून लिहितोय.

सुधारित वेळापत्रक पाठवताना त्यांच्या एप्रिलअखेर ते मे सुरुवातीच्या आणि ऑगस्टच्या मध्यावरच्या ओबोनच्या सुट्ट्या धर. आपल्याही लिही. गणपतीत निम्मी पोरं कोकणात जातात, दिवाळीत प्लेटिंगवाल्याचं शटर खाली असतं. हे त्यांना कुठून माहीत असणार? आणि ते दिवाळीच्या आठवड्यात सांगायचं नाही, वेळापत्रकासोबतच सांगायचं.