शैवालाची पूड शुद्ध आहे हे कशावरून ओळखायचं?

तुमच्याकडे स्पायरुलिना या खाण्याच्या शैवालाचे दोन डबे आहेत. एकातली पूड गर्द हिरवी, दुसऱ्यातली फिकट, आणि दोन्हींवर '१०० टक्के शुद्ध' छापलेलं. यातली चांगली कुठली आणि सात वर्षांच्या मुलीला रोज दिली तर चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी काही वर्षं अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं आहे. मुलीचा उल्लेख वाचला म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भेसळ आणि दूषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डब्यावरचा 'शुद्ध' हा शब्द फार तर पहिलीबद्दल बोलतो, म्हणजे बाहेरून काही मिसळलेलं नाही. पण शैवाल ज्या पाण्यात वाढतं, त्यातलं शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा ते स्वतःत ओढून घेतं. दूषित पाणी साफ करायला शैवाल वापरतात ते याच गुणामुळे. त्यामुळे कणभरही भेसळ नसलेली पूड खाण्यालायक नसू शकते. रंगाने डोळे सुखावणारा नमुना शिशाच्या तपासणीत नापास झालेला मी स्वतः पाहिला आहे.

रंगावरून काहीच कळत नाही असं मात्र नाही. काचेच्या पेल्यात साधं पाणी घ्या, चिमूटभर स्पायरुलिना टाका आणि न ढवळता काही तास ठेवा. पूड खाली बसली की वरच्या पाण्यात निळसर झाक उतरायला हवी. तो फायकोसायनिन हा रंग. तो पाण्यात विरघळतो; हरितद्रव्य विरघळत नाही. वरचं नितळ पाणीच गडद हिरवं झालं तर वेगळा रंग घातल्याची शंका घ्यावी. निळाई अगदीच उतरली नाही तर माल जुना असेल किंवा वाळवताना जास्त तापला असेल, कारण फायकोसायनिन उष्णता आणि उजेड या दोन्हींनी मोडतं. तुमची फिकट पूड बहुधा अशीच बिघडलेली असावी. पण या प्रयोगातून शिसं दिसत नाही, विषही दिसत नाही.

आता विषाबद्दल, कारण खरी काळजी तिथे आहे. स्पायरुलिना आणि तिच्यासारखंच पूड करून विकलं जाणारं आफानिझोमेनॉन ही दोन्ही नील-हरित शैवालं. स्पायरुलिना बहुधा बांधीव तळ्यांत वाढवतात. तिथलं पाणी इतकं अल्कधर्मी असतं (पीएच १० च्या आसपास) की दुसरं फारसं काही तग धरत नाही. आफानिझोमेनॉन मात्र प्रामुख्याने अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या अप्पर क्लॅमथ सरोवरातून थेट गोळा करतात, आणि त्याच पाण्यात मायक्रोसिस्टिस हे दुसरं शैवालही वाढतं. त्याचं विष म्हणजे मायक्रोसिस्टिन. ते यकृतावर घाला घालतं आणि उकळूनही जात नाही. ओरेगनने १९९७ साली ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम अशी त्याची मर्यादा घातली.

ही मर्यादा मुलीसाठी पुरेशी आहे का, हे गणित करून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मायक्रोसिस्टिन-एलआर (या विषाचा एक प्रकार) रोज, आयुष्यभर पोटात गेलं तर ते वजनाच्या किलोमागे ०.०४ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं. ६० किलोच्या माणसाला हे २.४ मायक्रोग्रॅम होतात. मर्यादेच्या काठावरची पूड त्याने रोज २ ग्रॅम घेतली तर २ मायक्रोग्रॅम, म्हणजे जेमतेम आत. मुलीचं वजन २० किलो धरा. तिची मर्यादा ०.८. तेवढ्याच पुडीतून तिच्या पोटात अडीचपट जातं. म्हणजे मोठ्यांसाठी 'पास' झालेला माल तिच्यासाठी पास नाही.

म्हणून कंपनीकडे एकच गोष्ट मागा: तुमच्या डब्यावर जो बॅच नंबर आहे, त्याच बॅचचा तपासणी अहवाल. नमुन्यादाखल दिलेला जुना अहवाल चालवून घेऊ नका. तो आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता असलेल्या बाहेरच्या प्रयोगशाळेचा असावा. चारही धातूंचे आकडे वेगवेगळे दिलेले असावेत. 'जड धातू : पास' एवढंच लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. 'आढळलं नाही' असं असेल तर शोधमर्यादा किती हे बघा. जी पद्धत किलोमागे २ मिलिग्रॅमच्या खालचं शिसं पकडूच शकत नाही, तिने 'आढळलं नाही' म्हटलं तरी ५ ग्रॅम पुडीतून १० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं जाऊ शकतं. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी मानत नाहीत. मायक्रोसिस्टिनचा आकडा तर हवाच, आणि बहुतेक अहवालांत नेमका तोच नसतो. 'सेंद्रिय' शिक्का असला तरी या विषाची तपासणी झाली असं समजू नका.

प्रथिनांच्या टक्केवारीवर फार भाळू नका. स्पायरुलिनात ६० ते ७० टक्के प्रथिनं असतात हे खरं, पण नेहमीची तपासणी नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनं काढते. नायट्रोजन असलेलं काहीही मिसळलं की आकडा फुगतो. २००८ साली चीनमधल्या दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन घातलं गेलं ते यासाठीच. बी-१२ साठी घेणार असाल तर स्पायरुलिनावर विसंबूच नका. तिच्यात बहुतांश छद्म बी-१२ असतं, जे आपल्या शरीराला वापरता येत नाही.

क्लोरेला या पूड-गोळ्यांच्या रूपात मिळणाऱ्या हिरव्या शैवालाचं दुखणं वेगळं. प्रक्रिया नीट झाली नाही तर हरितद्रव्य मोडून फिओफॉर्बाइड तयार होतं आणि ऊन लागताच त्वचा भाजल्यासारखी होते. १९७७ साली जपानमध्ये क्लोरेलाच्या गोळ्यांमुळे हे घडलं होतं. क्लोरेलाच्या अहवालात फिओफॉर्बाइडचाही आकडा शोधा. घरात कुणी रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेत असेल तर क्लोरेला देण्याआधी डॉक्टरांना विचारा, तिच्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं.

तुमच्या मुलीला आफानिझोमेनॉन देऊ नका, अहवाल कितीही चांगला असला तरी. स्पायरुलिनाचा अहवाल मिळाला तर तो तिच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि तिचं वजन सांगून वर केलेलं गणित त्यांच्यासमोर ठेवा. तो मिळेपर्यंत दोन्ही डबे तिच्यासाठी बंद ठेवा.