कुटार आणि गाळ एकत्र चालेल का?

प्रश्न : सांवेरकडे आमचं शेत आहे. गोबर गॅसच्या टाकीत शेण कमी करून सोयाबीनचं कुटार नि गव्हाचा भुसा टाकला तर वर सायीसारखा जाड थर धरला आणि शेगडी पेटेना. कोणी म्हणतं सांडपाण्याच्या प्लांटचा गाळ मिसळा. चालेल का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : चालतो, पण घाई नको. भुशात कार्बन नायट्रोजनच्या 80 पट किंवा जास्तच, गाळात जेमतेम 6 ते 10 पट, आणि टाकीतल्या जंतूंना लागतो 20 ते 30 पट, म्हणून जोडी जमते. भुसा मात्र बारीक कापून दोन-तीन दिवस भिजवून मगच टाका, नाहीतर तो तरंगणारच, तुमचं तेच झालंय. थंडीत गॅस कमी येतो, जंतूंना साधारण 35 डिग्री आवडतं.

आपल्या इंदूरच्या देवगुराडियाचा 2022 चा मोठा गॅस प्लांट शहराच्या ओल्या कचऱ्यावर चालतो, त्याचं बघून गाळाचा हिशोब लावू नका. गाळात रोगजंतू असतात, कारखान्याचं पाणी मिसळलेलं असेल तर जड धातूसुद्धा, तपासल्याशिवाय आणूच नका. आणि गाळ घातलेल्या टाकीतून निघणारी स्लरी, म्हणजे पातळ रबडी, कच्च्या खायच्या कोथिंबीर-मुळ्याला अजिबात नको हं!