कोणी सांगितलं, ते लिही

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझी पुस्तिका दोनदा वाचली. अंबाजोगाईचा बँड, बँडमास्तर पणजोबा, सुपारीच्या पावत्या, फोटो, सगळं आहे. पण कोणती गोष्ट कोणी सांगितली, हे कुठंच नाही. "पणजोबांनी निजामापुढं वाजवलं" असं आत्या म्हणतात, काका नाही म्हणतात, म्हणून खोडू का, असं विचारतोस. खोडू नको. आत्याचं नाव लिही, वय लिही, ऐकल्याची तारीख लिही, त्यांनी कोणाकडून ऐकलं तेही लिही. काकांचं "नाही" तसंच खाली लिही.

निजाम कोणता, हेही विचार. सहावे 1911 साली वारले. पणजोबांचा जन्म तू 1900 च्या आसपास धरतोस, म्हणजे गोष्ट खरी असली तर ती सातव्यांचीच असणार. जुन्या दप्तरात अंबाजोगाई 'मोमिनाबाद' नावानं शोध. तिथं हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं ब्रिटिश अधिकाऱ्यांखाली चालणाऱ्या फौजेच्या घोडदळाची छावणी होती आणि ते कंटिंजंट 1903 साली ब्रिटिश फौजेत मिसळून गेलं. छावणीत वाजवल्याची आठवण खापरपणजोबांची तर नाही ना?

पावत्यांवरची सालं 'फसली' सनातली आहेत, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या सरकारी कालगणनेतली. इसवी सन काढायला तू सरसकट 590 मिळवलेस, तिथं चुकलास. फसली वर्ष आझूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात लागतं. डिसेंबरपर्यंत 590, जानेवारीपासून 591. खुर्दाद 1346 ची सुपारी म्हणजे एप्रिल 1937 च्या सुमाराची, ऐन लगीनसराईतली. रक्कम हाली, म्हणजे निजामाच्या रुपयांत असेल तर तसं लिही. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये.

ट्रम्पेटला ब्रासो लावू नको. घासून घासून कंपनीचा ठसा पुसट होतो, आणि तोच तुझा पुरावा आहे. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरव, अक्षरं उमटतील. 'बूझी अँड हॉक्स' निघालं तर वाद्य 1930 च्या आधीचं नाही, कारण त्या दोन कंपन्या त्या साली एक झाल्या.

फोटो काचेला चिकटलाय, तो सोडवू नको; वरचा थर काचेबरोबर निघून येतो. काचेसकट 600 डीपीआयला स्कॅन कर, मागची बाजूही. ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर मोठ्या ढोलावरची अक्षरं जातात.

आणि एक. घरच्यांना 'वाजंत्री' शब्द खटकतो म्हणून तू 'संगीतकार' केलंस. परत बदल. पावतीवर जे आहे तेच राहू दे.

एवढं दामटतो, कारण माझ्या वह्यांत मजकूर आहे, सांगणाऱ्यांची नावं नाहीत. ती माणसं गेली. आता त्यातलं एक वाक्यही मला छातीठोकपणे पुढं देता येत नाही. घरच्या गोष्टीला एवढा काटेकोरपणा कशाला, असं लोक मला म्हणतात. घरच्या गोष्टीलाच तो लागतो. तिला दुसरा साक्षीदार नसतो.

फोटोत अकरा जण आहेत, तू एकाचंच नाव दिलंस. बाकीच्या दहांच्या घरी छापील प्रत घेऊन जा, एक त्यांच्याकडं ठेव. ओळख पटली नाही तर 'अनोळखी' लिही, अंदाजानं नाव चिकटवू नको. ओळख पटली तर कोणी पटवली, तेही.

आत्या ऐंशीच्या पुढं आहेत. पुस्तिका दिवाळीपर्यंत थांबेल, आधी त्यांच्याकडं जा. फोटोची आठ बाय बारा इंची प्रत ने, वर ट्रेसिंग पेपर लावून चेहऱ्यांना 1 ते 11 आकडे घाल.