स्टेंटनंतर दाढ काढायची म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका

वडिलांना चार महिन्यांपूर्वी स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला, आता दाढ काढायची आहे आणि दातांच्या दवाखान्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पाच दिवस बंद ठेवायला सांगितल्यात, हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं.



माझ्या स्टेंटला तेव्हा तीन महिने झाले होते. दवाखान्यात फॉर्मवर गोळ्यांची नावं बघितली आणि सगळ्या थांबवा म्हणाले. कशासाठी चालू आहेत, स्टेंट कधीचा, कुणी विचारलं नाही. डिस्चार्ज कार्ड माझ्या पिशवीत होतं, तेही कुणी मागितलं नाही. पण खरी चूक माझीच. एवढ्याशासाठी हृदयाच्या डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा, म्हणून फोनच केला नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही बंद केल्या. सहाव्या दिवशी पहाटे छातीवर पुन्हा तसाच दाब आला. स्टेंटमध्येच गुठळी झाली होती. वाचलो, पण हृदयाचा तो भाग कायमचा कमजोर झाला. आजही दोन जिने चढलो की थांबावं लागतं.

स्टेंटच्या जाळीवर आतून अस्तर धरायला काही महिने लागतात, तोवर त्यावर गुठळी होण्याचा धोका जास्त असतो. म्हणून तर दोन-दोन गोळ्या देतात, ॲटॅक येऊन गेला असेल तर साधारण 12 महिने. दाढेचं रक्त कापसाचा बोळा दाबून किंवा टाका घालून थांबवता येतं. त्यामुळे बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढतात, नाहीतर तारीख पुढे ढकलतात.

मी डॉक्टर नाही आणि प्रत्येकाची केस वेगळी. हृदयाच्या कृत्रिम झडपेसाठी वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी वेगळी गोळी चालू असेल तर हिशोब निराळा, तिथे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) बघावा लागतो. पण माझं मत ठाम आहे: ज्यांनी गोळी सुरू केली, त्यांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. दातवाल्यांना म्हणावं, हृदयाच्या डॉक्टरांशी तुम्हीच बोला आणि काय ठरलं ते चिठ्ठीवर लिहून द्या.

दाढ दुखते म्हणून आयबुप्रोफेनही मनाने देऊ नका, त्याने ॲस्पिरिनचा परिणाम कमी होऊ शकतो.

आणि गोळ्या आधीच बंद केल्या असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आत्ताच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावा.