रात्री उभ्या ट्रॉलीवर बाइक धडकली, तर चूक कोणाची हे कसं ठरवतात?

भाऊ, तुमचा पुतण्या रात्री बिनलाइटच्या उभ्या कापसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला, पोलीस म्हणून राहिले पोरगा फास्ट होता, अन् तुम्ही विचारता हे ठरवते कोण अन् कसं. मी यवतमाळकडे इन्शुरन्सचा सर्व्हेअर आहे, ठोकलेल्या गाड्या पाहणं हेच काम, म्हणून सांगतो.

पहिले रस्ता पाहा, गाडी मंग. गाडी ठाण्याच्या आवारात महिनोन्‌महिने पडून राहते, रस्त्यावरच्या खुणा मात्र एका पावसात नाहीतर दोन दिवसांच्या ट्रॅफिकमधी जातात. टायरचा काळा पट्टा किती लांब, फूटरेस्टनं डांबर कुठून कुठवर खरवडलं, काचा कुठं पडल्या, ट्रॉलीचं चाक डांबरावर होतं का खाली साइडपट्टीवर, हे सगळं. मडगार्डखालची वाळलेली काळी माती धडकेच्या झटक्यानं बऱ्याचदा तिथंच गळते, म्हणून त्या ढिगावरून धडकेची जागा अंदाजता येते. फोटो आधी लांबून दोन्ही बाजूंनी काढा, मंग जवळून टेप ठेवून, अन् अंतर मोजायचं ते विजेचा खांब, किलोमीटरचा दगड अशा न हलणाऱ्या गोष्टीपासून. पंचनाम्यातल्या नकाशात हे आहे का ते वाचून पाहा, माझ्या मते अर्धी केस तिथंच असते.

आता स्पीड. कोरड्या डांबरावर चारचाकीची चारही चाकं लॉक होऊन 20 मीटर घासली तर स्पीड किमान 60 च्या आसपास निघते, किमान यासाठी की उरलेला जोर धडकेत जातो. बाइकचं एकच चाक घासलं किंवा ती आडवी घसरली तर हिशोब वेगळा. पट्टा नसला म्हणजे ब्रेक मारलाच नाही असंही नाही, एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टम) असली तर खूण फिकी पडते. अन् बाइकचा चुराडा झाला एवढ्यावरून फास्ट होता म्हणणं मला पटत नाही, भरलेली ट्रॉली हलत नाही तर सगळा मार बाइकच खाते. 60 नं चाललेली गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते, दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर 25 मीटर तिथंच गेले, म्हणून ट्रॉली किती दुरून दिसत होती हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी ट्रॉलीच्या मागच्या बाजूचा फोटो लागतो. लाल रिफ्लेक्टर होते का, होते तर चिखलानं झाकले होते का, मागं दगड-फांदी काही ठेवली होती का. मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 मधी धोकादायक जागी गाडी उभी ठेवायची मनाई आहे. बाइकचा हेडलाइट चालू होता का हे जुन्या बल्बवरून कळू शकते, चालू असताना धडक बसली तर गरम तार ताणून वाकते, बंद असला तर सरळ तुटते किंवा तशीच राहते. एलईडीत हे जमत नाही. ब्रेक-टायरची तपासणी आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक करतात, तो रिपोर्ट मागा.

पुतण्याची चूक निघाली तरी सगळी त्याच्याच अंगावर येईल असं नाही, ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट, दोघांची चूक टक्क्यांत वाटते, अन् त्यावर भरपाई ठरते. पण मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं दाव्याला अपघातापासून 6 महिन्यांची मुदत घातली, तर वकील आत्ताच पाहा, अन् तोवर बाइक स्क्रॅपमधी देऊ नका.