गाडी तापते? रेडिएटर बदलण्याआधी हे बघ

आधी एक सांग, तुझी जुनी गाडी नेमकी कधी तापते? सिग्नलला उभी असताना तापमानाचा काटा चढतो आणि वेग घेतला की उतरतो, तर दोष हवेचा आहे. फॅन, त्याचं कव्हर, रेडिएटरच्या कडेच्या फटी तपास. रिस्टोरेशनमध्ये, म्हणजे जुनी गाडी पुन्हा नव्यासारखी करताना, कडेच्या रबरी पट्ट्या हमखास राहून जातात, मग हवा जाळीतून न जाता बाजूने निसटते. उलट हायवेवर तापत असेल तर पाण्याचा प्रवाह अडतोय. रेडिएटरचा खालचा होजपाइप बघ, आतली स्प्रिंग नसेल तर जास्त आरपीएमला तो चपटा होतो. तिथेही काही सापडलं नाही, तर इंजिन ब्लॉकच्या मागच्या टोकाला साचलेला गंज धुऊन काढ.

जुन्या काट्यावर मात्र भरवसा नको, इन्फ्रारेड थर्मामीटरने खात्री कर. इग्निशन टायमिंग मागे असलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असली, तरी इंजिन तापतं, हे बरेच जण विसरतात. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नकोस. कूलंट भरताना गाडीचं नाक उंच ठेव, हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेव, म्हणजे अडकलेली हवा निघते. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरच्या कॅपला हात लावायचा नाही.