न्यूमोनिया छातीत, मग किडनी कशी बिघडली?

प्रश्न: बाबांना न्यूमोनिया झालाय, मांड्या इतक्या दुखतात की उठवत नाही, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय आणि आता डॉक्टर म्हणतात किडनीवर परिणाम झालाय. असं कसं?

उत्तर: ताई, न्यूमोकोकस किंवा लिजिओनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूंच्या जोरदार इन्फेक्शनमध्ये कधी कधी स्नायूच फुटायला लागतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन रक्तात उतरतं आणि किडनीच्या बारीक नळ्यांना इजा करतं, त्यात अंगातलं पाणी कमी, बीपी उतरलेलं, मग क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) वाढतंच. सीपीके टेस्ट (स्नायू फुटल्याचं दाखवणारी रक्ताची तपासणी) झालीय का विचारा, नॉर्मलच्या ५ पटीच्या वर असेल तर बहुतेक हेच. अँटिबायोटिकसोबत सलाईन देतात, पोटॅशियमवर लक्ष ठेवतात, काहींना थोडे दिवस डायलिसिसही लागतं पण बऱ्याच जणांची किडनी सावरते हो. आणि प्लीज, अंगदुखीला स्वतःहून डायक्लोफेनॅक देऊ नका, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन चालू असेल तर डॉक्टरांना आजच सांगा.